देण्याघेण्याची साडी

मी, भाईदास उखर्डू महाजन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कापड दुकान, राहणार चोपडा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. मोतीबिंदू काढलेला आहे, गुडघे गेलेले आहेत, साखर गोळीवर आहे. पण डोके शाबूत आहे, आणि माझा मुलगा हितेंद्र याला ते नको तितके शाबूत वाटते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला माणूस जवळ येऊन बसावा लागतो, आणि पत्नी लताबाई गेल्यापासून या घरात माझ्याजवळ कोणी बसत नाही.

कलम १. यापूर्वी २०१९ साली माझ्या नावाने झालेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. ते हितेंद्रने जळगावहून टाइप करून आणले होते. त्यात माझे स्वतःचे म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे सही.

कलम २. माझी मिळकत पुढीलप्रमाणे: चोपड्यातील राहते घर, त्याच गल्लीतील दुकान, मालासह, बँकेतील ठेव, आणि गावाबाहेर रस्त्याला लागून असलेली चार एकर जमीन. जमीन माझे वडील उखर्डू यांची. मूळ पाच एकर होती, त्यातली एक मी विकून दुकान बांधले. केळीचे वावर होते. आता आजूबाजूला प्लॉट पडले आहेत, म्हणून हितेंद्रला अलीकडे शेतीची फार आवड निर्माण झाली आहे.

कलम ३. दुकानाविषयी. ते कोणाला मिळणार हे पुढे लिहिले आहे. पण ज्याला मिळेल त्याला ते काय आहे हे ठाऊक असावे.

माझ्या दुकानात नेसायच्या साड्या कमी आणि देण्याघेण्याच्या जास्त. लग्नात, बारशात, दहाव्याला, घरभरणीला जी साडी हातावर ठेवतात ती. देणारीला माहीत असते की घेणारी ही नेसणार नाही. घेणारीलाही माहीत असते. घेणारी ती घडी न मोडता कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या हातावर ठेवते. म्हणून या साडीला अंगावर कशी दिसते हा प्रश्नच नसतो. रंग कोणाला न खटकणारा हवा, खोका कडक हवा आणि वरची किमतीची चिठ्ठी मोठी हवी. गिऱ्हाईक दीडशे रुपये देते आणि आठशे पंच्याण्णवची चिठ्ठी मागते. चिठ्ठ्यांचे रीळ मी सुरतेहून साड्यांच्याच गठ्ठ्यात मागवीत असे. सुरुवातीला मला लाज वाटायची, नंतर मी गिऱ्हाइकालाच विचारू लागलो की अक्का, कितीची लावू?

एका लग्नात घरात तीस साड्या आल्या, तीस गेल्या. दोन्ही घरे जिथल्या तिथे, फक्त मी पुढे. सर्वांनी मिळून बंद केले तर सर्वांचा खर्च वाचेल हे प्रत्येकाला कळते. पण आधी बंद करील त्याच्या नावाने भावकी बोटे मोडते. आमच्या समाजाचे जितेंद्र आप्पा यांनी ठराव करून पत्रिकेवर छापायला लावले, ‘कृपया आहेर आणू नये’. त्या वर्षी माझी विक्री वाढली. ज्याने ठराव खरा मानला तो चिकट ठरणार होता, आणि चिकट ठरायची तयारी कोणाची नव्हती. आप्पांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी मागच्या दाराने माझ्याकडून दोनशे साड्या नेल्या आणि बिल ‘पडद्याचे कापड’ म्हणून मागितले. मी तसे दिले. आप्पा माझ्या दहाव्याला भाषण करायला उभे राहिले तर ते बिल लोखंडी कपाटात आहे, वाचून दाखवावे.

कलम ४. जे बाहेर कोणाला माहीत नाही ते. या साड्या फिरत फिरत माझ्याकडेच परत येत. माझ्या दुकानात इस्त्री करणारा चांद, त्याची बायको सुगराबी स्टीलची भांडी घेऊन गावोगाव फिरे. बायका न मोडलेल्या साड्या देत आणि पातेले घेत. सुगराबी त्या मला आणून विकी. चांद इस्त्री करी, खोका नवा, चिठ्ठी नवी, साडी पुन्हा शेल्फवर. एका जांभळ्या साडीला मी आतल्या काठावर पेन्सिलने खुणा करीत गेलो. नऊ वेळा परत आली. दहाव्या वेळी आली नाही तेव्हा मला चुकल्यासारखे वाटले, कोणीतरी खुळीने ती नेसली असावी.

सुगराबीच्या गाठोड्यात आणखी एक माल असे. आपल्याकडे सवाष्ण गेली की माहेरचे, नातलग तिच्यावर साड्या घालतात. दहा-पंधरा होतात. चितेवर एक राहते, बाकीच्या स्मशानात उतरवतात, आणि तिथे काम करणारे त्या विकतात. तो त्यांचा हक्क आहे, त्यांना मी नावे ठेवीत नाही. एवढेच सांगतो की जी सर्वांत चांगली असते तीच आधी उतरते. त्या साड्या मला सर्वांत स्वस्त पडत. कुठून आल्या हे सुगराबीने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. न विचारण्यातच आम्हा दोघांचा नफा होता. मला कळत होते. मोठ्या दगडाखाली हात अडकल्यावर बोलायचे, तोपर्यंत नाही, अशी माझी रीत.

कलम ५. आता माझी धाकटी बहीण भिकुबाई हिच्याविषयी. ही नवरा गेल्यापासून धुळ्याला दोन खोल्यांत एकटी राहते आणि लोकांचे पापड लाटते.

वडील १९९१ साली वारले. त्यांच्या जमिनीत कायद्याने निम्मा हिस्सा भिकुबाईचा. तलाठी म्हणाला, बहिणीची हक्कसोड आणा, म्हणजे उतारा तुमच्या एकट्याच्या नावाचा होईल. आमच्याकडे सगळेच भाऊ आणतात आणि सगळ्याच बहिणी देतात. १९९२ च्या जानेवारीत मी तिला मोटारसायकलवर बसवून नोंदणी कचेरीत नेले. कागदावर लिहिले होते की मी माझा हक्क प्रेमापोटी, राजीखुशीने, बिनमोबदला सोडत आहे. कारकुनाने वाचून दाखवले. ती मला म्हणाली,

“माले वावर काय करनं शे, भाऊ? बठ्ठं तुलेच राहू दे. आखाजीले फक्त बलावत जाय.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा तो लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो, सांजोऱ्या, आमरस, झोके, आणि निघताना ओटीत साडी.

लोक म्हणतात, बहिणी भोळ्या असतात म्हणून सही करतात. भोळे आपण. ती पक्का हिशेब करते. नवऱ्याने हाकलले, सासऱ्याने छळले, तर रात्री जायला एक दार लागते. ते दार भावाचे. सही नाही केली तर जमीन मिळेल आणि दार बंद होईल. म्हणून ती जमीन देऊन दार विकत घेते. विम्याचा हप्ता एकदम भरावा तसे. कागदावर मोबदला निरंक लिहितात ते खोटे आहे. मोबदला ठरलेला असतो, फक्त तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला असतो.

मी सोळा आखाज्या तिला आणले आणि सोळा साड्या दिल्या. सोळाही देण्याघेण्याच्या शेल्फवरच्या. लताबाई म्हणायची, अहो, बहिणीला तरी नेसायची द्या. मी म्हणायचो, ती कुठे नेसते, तीही पुढे देते. सोळा साड्यांत अडीच एकर.

कलम ६. हे कलम वकिलांनी गाळायला सांगितले होते. हे गाळले तर बाकीच्या कलमांना अर्थ राहत नाही.

भिकुबाईला एकच मुलगी, भूमिका. २००८ सालच्या माघात तिला सातवा महिना होता आणि भिकुबाईने तिच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी घेतली होती. माझ्याकडून नाही; माझा माल तिला माहीत होता. जळगावला जाऊन चांगल्या पेढीतून घेतली, आणि फॉल शिंप्याकडे न देता स्वतः हाताने लावला. डोहाळजेवणाच्या चार दिवस आधी भूमिका काविळीने गेली. भिकुबाईने ती साडी तिच्या अंगावर घातली. मी मामा असून मातीला नव्हतो. लग्नसराईचा माल भरायला सुरतेला होतो, आणि फोन आला तेव्हा अर्धा गठ्ठा बांधून व्हायचा होता. दहाव्याला गेलो.

त्यानंतरची आखाजी आली. मेलेल्याच्या घरातला पहिला सण माहेरी करतात. भाऊ बहिणीला आणतो, साडी नेसवतो आणि तिचे दुःख सोडवतो. त्या दिवशीची साडी शेल्फवरून घ्यायची नाही असे लताबाईने बजावले होते. मी म्हटले, चांगली देतो. सुगराबीच्या गाठोड्यातून महिनाभरापूर्वी एक हिरवी साडी आली होती, भारी पोत, फॉल लावलेला. चांदने इस्त्री करताना ती मला दाखवली होती.

“शेठ, इसपे किसीने दिल से काम किया है. इसको अलग रख दो.”

मी म्हणालो, “अलग ही रखता हूँ.” ठेवली, आणि ती बहिणीला काढली. फॉल लावलेला दिसला की तिला वाटेल भावाने मुद्दाम लावून घेतला, हा माझा विचार होता. हे मी लपवीत नाही. मला त्या साडीत हातचे शंभर-सव्वाशे वाचत होते, आणि वर मायाही दिसणार होती.

लताबाईने कुंकू लावले, ओटी भरली, साडी हातावर ठेवली. भिकुबाईने घडी उलटून काठ पाहिला. बायका सवयीने पाहतात. फॉल हिरव्या दोऱ्याने लावलेला होता आणि शेवटची वीतभर लाल दोऱ्याने. हिरवा दोरा संपला होता तिचा.

ती म्हणाली, “भाऊ, हाऊ फॉल मना हातना शे.”

मला समजायला थोडा वेळ लागला. लताबाईला लगेच समजले, तिच्या हातातले कुंकवाचे तबक पडले. भिकुबाई रडली नाही, ओरडली नाही. साडी पिशवीत ठेवली, ताटावरची सांजोरी तशीच ठेवली आणि बसस्टँडवर चालत गेली. मी मागे गेलो नाही. लोक बघतील असे वाटले.

सतरा वर्षे झाली. पुढच्या दोन आखाज्यांना मी हितेंद्रला मुराळी म्हणून पाठवले, दाराला आतून कडी होती. लताबाईने मरेपर्यंत दुकानातली साडी अंगाला लावली नाही. मी मात्र दुकान बंद केले नाही. स्मशानातला माल घेणे बंद केले, एवढेच. आणि त्यातही सुगराबीला दुसरे गिऱ्हाईक तीन दिवसांत मिळाले.

कलम ७. जमिनीविषयी. यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी मी एसटीने धुळ्याला गेलो. बरोबर अडीच एकराचे बक्षीसपत्र लिहून नेले होते. तिने दार उघडले. पाणी दिले, चहा दिला. पापड वाळत घातलेले होते, त्यांना पाय लागेल म्हणून मला दाराशीच बसवले. मी कागद पुढे केला. तिने हात लावला नाही.

“वावर दिसन हाई साडी परत लेवाना इचार शे का तुना?”

जमीन देऊन ती हिरवी साडी परत न्यायचा विचार आहे का, असे ती विचारत होती. मी म्हणालो, “बाई, तुझं तुला देतोय. एक सही कर.”

“एक डाव करी ना सही. तीच शेवटनी.”

मग तिने पत्र्याची पेटी उघडून ती साडी दाखवली. घडी तशीच होती, डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. ती पुढे जे बोलली ते कलम १० मध्ये लिहिले आहे.

वकील ज्ञानेश्वर सांगतात की बक्षीस घेणाऱ्याने स्वीकारावे लागते. मृत्युपत्राला तिची सही लागत नाही. म्हणून हे मृत्युपत्र. जे तिने जिवंतपणी नको म्हटले ते मी मेल्यावर तिच्या गळ्यात घालतो आहे, हेही एक प्रकारचे देणेघेणेच आहे, मला कळते.

तरी माझ्या निधनानंतर चार एकरांपैकी अडीच एकर जमीन भिकुबाईला मिळावी. विकलेली एक एकर माझ्या हिश्श्यातली धरावी. अडीच एकर कोणत्या बाजूची हे भिकुबाई सांगेल. हितेंद्रवर सोपवले तर तिला नाल्याकडची मिळेल. उताऱ्यावर नाव लावण्याचे सर्व काम ज्ञानेश्वर वकिलांनी करावे. तिच्यापुढे पेन घेऊन कोणीही बसू नये. तिने नाकारलीच तर ती अडीच एकर हितेंद्रला नाही, माझी मुलगी कामिनी हिलाही नाही. चोपड्यात मुलींचे वसतिगृह निघेल त्याला द्यावी. तिच्या नकारातून घरातल्या कोणाचा एक पैशाचा फायदा होता कामा नये, नाहीतर आत्याची समजूत घालायला दोघेही पहिल्या बसने धुळे गाठतील.

कलम ८. माझी मुलगी कामिनी, राहणार जळगाव. गेल्या दिवाळीत मी आतल्या खोलीत पडलो होतो. मला झोप लागली असे समजून हितेंद्र तिला म्हणाला, “ताई, आबांच्या नंतर एक सही लागेल तुझी. नुसती फॉर्मॅलिटी.” आणि कामिनी म्हणाली, “करीन की. मला काय करायचंय जमिनीचं? माहेर राहिलं म्हणजे झालं.” शब्द थोडे वेगळे, शहरातले. मी उठून बसलो ते सकाळपर्यंत बसलो. आयत्या बिळावर नागोबा व्हायला माझ्या मुलाला फक्त एका सहीची वाट बघायची आहे, आणि हा धडा त्याला मीच दिलेला आहे.

उरलेली दीड एकर हितेंद्र आणि कामिनी यांना निम्मी निम्मी. वाटे हितेंद्रने पाडावेत, कामिनीने आधी उचलावा. मग बघा तो किती सरळ रेघ मारतो. कामिनीने आपला वाटा भावाच्या नावे सोडला, दिला किंवा पडत्या भावात विकला तर तो त्याच दिवशी वर सांगितलेल्या वसतिगृहाला जाईल. पोरी, माहेर टिकवायला तुला आता सही न करणेच भाग आहे. रागावू नकोस. चांगले वाग म्हणून सांगून या घरात कोणी चांगले वागलेले मी पाहिले नाही.

कलम ९. राहते घर हितेंद्रला. वकिलांनी एक अट सुचवली होती, की त्याने दर आखाजीला भिकुबाईला सन्मानाने आणले तरच घर. मी ती लिहिली आणि खोडली. तो आणेल. दरवर्षी आणेल, फोटो काढून वकिलांना पाठवील, आणि ओटीत आठशे पंच्याण्णवची चिठ्ठी लावलेली काहीतरी घालील. तसली आखाजी तिला नको आणि मलाही नको. घर बिनअट त्याचे.

हितेंद्रने यातील कोणत्याही कलमाला कोर्टात आव्हान दिले तर मात्र घर नाही, घराची किल्ली कामिनीला.

दुकान, मालासह, चांदचा मुलगा फैसल याला. तो लहानपणापासून तिथे घड्या घालतो आणि खोटी चिठ्ठी लावताना अजून मान खाली घालतो. त्याने दुकान चालवावे की बंद करावे हे त्याने ठरवावे. चालवले तर नेसायच्या साड्या ठेवाव्यात, कमी खपतील. लाकडी गज, दोन इस्त्र्या आणि गल्ला त्याचाच. चिठ्ठ्यांची उरलेली रिळे जाळावीत.

बँकेतील ठेवीतून पन्नास हजार चांदला. त्याने एकदा मला सांगितले होते आणि मी ऐकले नाही, त्याची ही भरपाई नव्हे. तेवढी ऐपत माझी नाही. उरलेली ठेव पुढील कलमासाठी ज्ञानेश्वर वकिलांच्या ताब्यात राहावी.

कलम १०. माझ्यावर शाल, उपरणे, टॉवेल, टोपी काहीही घालू नये. आणले तर आणणाऱ्याला परत द्यावे. त्याला पुढे उपयोगी पडेल. भिकुबाईला निरोप द्यावा. ती आली नाही तर तिच्यासाठी थांबू नये आणि तिच्याविषयी बोलू नये.

पेटी बंद करताना भिकुबाई मला म्हणाली होती, “मी मरी जासू तवय हाईच साडी मना अंगवर टाका. दुसरी कोन्हीच नको. पोरना अंगवरथीन उतारी लिन्ही, मना अंगवर तरी जयू द्या.”

मुलीच्या अंगावरून उतरवलेली ती साडी निदान तिच्या अंगावर तरी जळावी, म्हणून लिहितो. बहीण गेली की भावाच्या घरून साडी जाते. माझ्या घरून जाऊ नये. हितेंद्रने नेऊ नये, कामिनीने नेऊ नये. पेटीतली हिरवी साडी, जिच्या फॉलची शेवटची वीतभर लाल दोऱ्याने शिवलेली आहे, तीच तिच्यावर घालावी. ठेवीची उरलेली रक्कम तोपर्यंत राखून ठेवावी. चांदने, चांद नसेल तर फैसलने, धुळ्याच्या स्मशानात शेवटपर्यंत उभे राहावे. तिथे काम करणाऱ्यांशी भांडू नये, त्यांचा हक्क मोडू नये. साडी उतरवायला हात पुढे झाला की बाजारात तिचे जे येतील त्याच्या दुप्पट त्या हातावर ठेवावेत, आणखी मागितले तर आणखी, ठेव संपेपर्यंत. कित्येक वर्षे मी साड्या उतरवण्याचे पैसे दिले. ही एक अंगावर राहू देण्याचे द्यावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खाली नावे असलेल्या दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केल्या.

ठिकाण: चोपडा, जि. जळगाव
दिनांक: १६ जून २०२५

सही: भाईदास उखर्डू महाजन

साक्षीदार:
१. दिपमाला हेमराज बारी, शेजारी, चोपडा
२. चांद रसूल पिंजारी, धंदा इस्त्री, चोपडा. (यांना सर्व कलमे हिंदीत वाचून दाखवली. कलम ६ त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले नाही. सही करून ते म्हणाले, “लाल धागा मुझे याद है, शेठ.”)